'पर्यंत' : एका शब्दाची तीस वर्षं

आपल्या नाशकात कुठल्याही चौकात मान वर करा, ब्रॉडबँडचा एक तरी फलक दिसेलच. '३०० एमबीपीएसपर्यंत स्पीड, अनलिमिटेड डेटा.' आकडा हातभर उंच, 'पर्यंत' हा शब्द बोटभर. त्याच्याही खाली तारा लावून एक ओळ असते. ती वाचायची तर गाडी बाजूला लावून फलकाखाली जाऊन उभं राहावं लागतं.

आजची पोस्ट त्या बोटभर शब्दाबद्दल आहे. लांब आहे, चहा घेऊन बसा. इंटरनेट स्लो झालं की आपण राऊटर बंद करून चालू करतो, कंपनीला दोन शिव्या घालतो आणि विषय सोडून देतो. पण हा स्लोपणा आणि हे मोठे आकडे यांना तीस वर्षांचा इतिहास आहे. तो कळला की आपण नेमकं काय विकत घेतो आणि काय मागायला हवं, हेही कळतं.

*१९९५ : स्पीड कमी, पण लपवाछपवी नाही*

१५ ऑगस्ट १९९५ रोजी व्हीएसएनएल म्हणजे विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई अशा मोजक्या शहरांत. स्पीड होता ९.६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९,६०० बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो. या हिशोबाने ३ एमबीचं एक गाणं उतरवायला साधारण ४२ मिनिटं लागणार, तीही मध्येच कुणी फोन उचलला नाही तर. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचं खातं होतं, त्यात फक्त अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत. ज्या गावात केंद्र नव्हतं तिथल्या माणसाला एसटीडी कॉल लावून जोडावं लागायचं. तेव्हा एसटीडीचे दर काय होते ते घरातल्या मोठ्यांना विचारा.

पहिल्या दिवसांत इतका गोंधळ झाला, लाइनच लागायची नाही, की व्हीएसएनएलचे तेव्हाचे अध्यक्ष बी. के. सिंगल यांनी जाहीर माफी मागितली होती.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा स्पीडबाबत फसवायला फारशी जागाच नव्हती. मोडेम जोडला गेला की संगणकाच्या पडद्यावर आकडा यायचा, इतक्या स्पीडने जोडलं गेलं म्हणून. स्पीड कमी असायचा, पण आपल्याला काय मिळालं ते समोर दिसायचं. नोव्हेंबर १९९८ मध्ये धोरण बदललं आणि खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली. ग्राहक ओढण्याची स्पर्धा सुरू झाली आणि जाहिरातीही आल्या.

*२००४ : कायद्याने जमीन ठरवली*

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्र सरकारचं ब्रॉडबँड धोरण आलं. त्यात पहिल्यांदा व्याख्या ठरली : कायम चालू असणारं आणि किमान २५६ केबीपीएस डाउनलोड स्पीड देणारं कनेक्शन म्हणजे ब्रॉडबँड. या 'किमान'ला मी जमीन म्हणतो. याच्या खाली गेलात तर त्याला ब्रॉडबँड म्हणायचं नाही.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं 'डेटावन' आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलचं 'ट्राय बँड' सुरू झालं. स्वस्त घरगुती प्लॅनचा स्पीड होता २५६ केबीपीएस. म्हणजे जाहिरातीतला आकडा आणि कायद्यातला किमान आकडा एकच! हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

२००७ साली तेव्हाचे दूरसंचार मंत्री दयानिधी मारन यांनी ते वर्ष 'ब्रॉडबँड वर्ष' म्हणून जाहीर केलं. बीएसएनएल-एमटीएनएलच्या मर्यादित डेटाच्या प्लॅनचा स्पीड २ एमबीपीएसपर्यंत वाढला. 'पर्यंत' शब्द घराघरांत शिरला तो इथून. आनंदीआनंद झाला. पण जरा हिशोब करा. महिन्याला १ जीबीची मर्यादा असेल, तर २ एमबीपीएसने तो अख्खा महिना ६७ मिनिटांत संपतो. त्यापुढे प्रत्येक एमबीला पैसे. बीएसएनएलचे अनलिमिटेडवाले मात्र २५६ वरच राहिले. एकाला वेग दिला पण रस्ता तोडला, दुसऱ्याला रस्ता दिला पण गाडी बैलाची.

रात्री २ ते सकाळी ८ मोफत डाउनलोड असलेला प्लॅन आठवतोय का? अलार्म लावून दोनला उठायचं, डाउनलोड लावायचं, आठच्या आत बंद करायचं. आठनंतर राऊटर चालू राहिला तर बिलात दिसायचं.

*पन्नास घरं, एक नळ*

आता मूळ मुद्दा. संध्याकाळीच स्लो का होतं?

चाळीतला सार्वजनिक नळ डोळ्यांसमोर आणा. दुपारी एकटे गेलात तर धो धो पाणी. सकाळी सहाला पन्नास बादल्या रांगेत. इंटरनेटही असंच वाटून दिलं जातं. कंपनी प्रत्येक ग्राहकासाठी वेगळी क्षमता विकत घेत नाही, कारण सगळे एकाच क्षणी पूर्ण क्षमतेने वापरत नाहीत. यात गैर काही नाही, जगभर असंच चालतं. प्रश्न इतकाच की एका नळावर किती घरं?

ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, मार्च २००९ मध्ये मार्गदर्शक प्रमाण सांगितलं : घरगुती ब्रॉडबँडला जास्तीत जास्त १:५०, व्यावसायिकाला १:३०. आता बघा, २ एमबीपीएसचे पन्नास ग्राहक २ एमबीपीएसवर. पन्नासही जण एकदम बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४० केबीपीएस. जुना डायल-अप मोडेम ५६ चा होता! आणि तरीही कंपनी प्रमाणाच्या आतच.

मग दर्जाचे नियम नव्हते का? होते. ऑक्टोबर २००६ मध्येच ट्रायने ब्रॉडबँडच्या दर्जाचे नियम काढले होते. ग्राहकाने घेतलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त स्पीड मिळाला पाहिजे, असं त्यात होतं. वाचून बरं वाटतं. पण मोजायचं कुठून कुठपर्यंत? कंपनीच्या नोडपासून तुमच्या घरापर्यंत. म्हणजे गल्लीच्या तोंडापासून तुमच्या दारापर्यंतचा रस्ता मोकळा असला की कंपनी पास. हायवेवर चार तास ट्रॅफिक तुंबलं तरी या कसोटीला ते दिसत नाही. पुढच्या वाहिन्या गर्दीच्या वेळी ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नयेत, असाही नियम होता. पण त्याचे आकडे कंपनीकडे. तुमच्या-माझ्या पडद्यावर ते कधी आले नाहीत.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो, कंपनीचं नाव घेत नाही. घरी १०० एमबीपीएसचा प्लॅन होता. दुपारी ९० च्या वर मिळायचे, रात्री नऊला २० सुद्धा नाही. केबल लावून, आठवडाभर, रोज तीन वेळा मोजून आकडे पाठवले. उत्तर आलं, 'सर, आपला प्लॅन अपटू हंड्रेडचा आहे.' माणूस नम्र होता, खोटंही बोलत नव्हता. वीस हे शंभर'पर्यंत'मध्येच येतात. दोनही येतात. कागदावर शून्यसुद्धा येतं.

*'अनलिमिटेड'ची मर्यादा*

स्लो होण्याचा दुसरा प्रकार मुद्दाम केलेला असतो, त्याचं नाव 'फेअर युसेज पॉलिसी'. ठराविक डेटा संपला की स्पीड खाली. प्लॅनचं नाव मात्र अनलिमिटेड. लोकांना महिन्याच्या पंधरा तारखेला कळायचं की आपलं नेट मेलं, आणि कारण कुणी सांगायचं नाही.

२७ जुलै २०१२ रोजी ट्रायने आदेश काढला : किती डेटापर्यंत किती स्पीड, त्यानंतर किती, हे जाहिरातीत आणि वेबसाइटवर स्पष्ट सांगा. स्पीड व्याख्येतल्या किमान आकड्याखाली नेऊ नका. ऑक्टोबर २०१६ मध्ये आणखी एक आदेश आला. डेटा ५०, ९० आणि १०० टक्के वापरला गेला की ग्राहकाला कळवा, आणि मर्यादा संपल्यावर घरगुती ब्रॉडबँड ५१२ केबीपीएसच्या खाली आणू नका. आज 'तुमचा ५० टक्के डेटा वापरला गेला आहे' असा मेसेज येतो ना, तो कंपनीचा चांगुलपणा नाही. त्यामागे हा आदेश आहे.

आज अनेक घरगुती 'अनलिमिटेड' प्लॅनच्या अटींत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. सामान्य कुटुंब तिथवर पोचत नाही, म्हणून ओरड कमी. मोबाइलवर मात्र रोजचा कोटा संपला की अनेक प्लॅन ६४ केबीपीएसवर येतात. म्हणजे पुन्हा डायल-अपच्या काळात. त्या स्पीडवर पोराने ऑनलाइन फॉर्म भरायचा म्हटलं तर पान उघडेपर्यंत सेशन संपतं. नाव तरीही अनलिमिटेडच.

*'सगळ्यात वेगवान' आम्हीच*

२०१५ मध्ये फोर-जी देशभर पसरू लागलं आणि जाहिरातींचा सूर चढला. एअरटेलची 'स्पीड चॅलेंज' जाहिरात आठवत असेल : तुमचं नेटवर्क आमच्यापेक्षा वेगवान निघालं तर आयुष्यभर बिल फुकट. त्यावर तक्रार झाली. आपल्या मुंबईतच कार्यालय असलेल्या जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे आस्कीने, ती दिशाभूल करणारी ठरवली आणि मागे घ्यायला किंवा बदलायला सांगितलं. २०१७ मध्ये 'देशातलं अधिकृत सगळ्यात वेगवान नेटवर्क' या दाव्यावरून जिओने एअरटेलविरुद्ध तक्रार केली. तेव्हाही जाहिरात बदलायला सांगितली गेली.

यात गंमत अशी की २०१७ मध्ये तक्रार घेऊन गेली ती प्रतिस्पर्धी कंपनी. त्यांच्याकडे वकील होते, मोजमापाचे अहवाल होते. आणि आस्की ही जाहिरात उद्योगाने स्वतःच स्थापन केलेली संस्था आहे. निकालापर्यंत जाहिरात घराघरांत पोचलेली असते, आणि ती बघून कनेक्शन घेतलेल्याला एक रुपयाही परत मिळत नाही.

*कुणाला स्लो, कुणाला फास्ट*

तिसरा प्रकार सगळ्यात धोक्याचा : सगळ्यांना नव्हे, निवडून एखाद्याला स्लो करणं. अमुक वेबसाइट पळेल, तमुक रांगेल. यावर मात्र या देशातली माणसं जागी झाली. २०१५ मध्ये ट्रायने नेट न्यूट्रॅलिटीवर मतं मागवली, तेव्हा दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने वेबसाइट बघून वेगळे दर लावायला बंदी घातली. फेसबुकचं 'फ्री बेसिक्स' त्यातच थांबलं. जुलै २०१८ मध्ये केंद्राने पुढची शिफारस मान्य केली : एखादी वेबसाइट वा सेवा निवडून अडवायची नाही, रांगवायची नाही, जास्त वेगही द्यायचा नाही.

जुलै २०२० मध्ये पुढचा प्रयोग झाला. व्होडाफोन आयडिया आणि एअरटेलने महागड्या प्लॅनवाल्यांना जास्त स्पीड देण्याची जाहिरात केली. ट्रायने लगेच विचारलं, त्यांना जास्त देणार तर बाकीच्यांचं काय होणार? नळ तर एकच आहे! प्रकरण न्यायाधिकरणापर्यंत गेलं, आणि ऑगस्टमध्ये ट्रायने व्होडाफोन आयडियाला कारणे दाखवा नोटीस काढली. दाव्यात पारदर्शकता नाही, तो दिशाभूल करणारा आहे, असं ट्रायचं म्हणणं होतं.

*तेरा वर्षं बंद असलेलं दार*

आता ज्या गोष्टीवर फारशी चर्चा होत नाही ती सांगतो. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन बिलाच्या एका प्रकरणात निकाल दिला, की जुन्या टेलिग्राफ कायद्यात वेगळी तरतूद आहे, त्यामुळे असे वाद ग्राहक मंचात चालणार नाहीत. त्या एका निकालाचा आधार घेऊन पुढे दूरसंचार कंपन्या ग्राहक मंचात पहिलाच मुद्दा मांडायच्या : हे प्रकरण इथे चालतच नाही. कित्येक तक्रारी दारातूनच परत गेल्या.

फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोन आयडियाच्या एका खटल्यात स्पष्ट केलं, की दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक मंचात जाता येतं. म्हणजे २००९ ते २०२२. याच काळात स्वस्त फोर-जी आलं, घरोघरी फायबर आलं, लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाइलवर भरल्या. नेमक्या याच काळात सामान्य माणसाच्या हक्काच्या दारावर भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं. 'पर्यंत' हा शब्द इतका निवांत का वाढला, त्याचं एक मोठं कारण मला इथे दिसतं.

*आता तो हिशोब*

मघाशी म्हटलं होतं, २००५ मध्ये स्वस्त प्लॅनचा आकडा आणि कायद्यातला किमान आकडा एकच होता : २५६ केबीपीएस. पुढे काय झालं?

कायद्याची जमीन : २००४ मध्ये २५६ केबीपीएस. २०१३ मध्ये ५१२. २०१२ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात लिहिलं होतं की २०१५ पर्यंत २ एमबीपीएस करू. ते झालं जानेवारी २०२३ मध्ये. २०१८ च्या धोरणात तर २०२२ पर्यंत प्रत्येक नागरिकाला ५० एमबीपीएस, असं उद्दिष्ट होतं.

जाहिरातीचं छत : २००७ मध्ये २ एमबीपीएस. २०१९ मध्ये जिओ फायबर आलं तेव्हा १ जीबीपीएसपर्यंत, म्हणजे १,००० एमबीपीएस.

आज छत १,००० वर आणि जमीन २ वर. मध्ये पाचशे पट पोकळी. आपण बिल भरतो छत बघून. कायदा हमी देतो जमिनीची. कंपनी या दोहोंच्या मध्ये कुठेही उभी राहिली तरी निर्दोष.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. इंटरनेट खरंच सुधारलंय आणि स्वस्तही झालंय. शिवाय प्रत्येक वेळी दोष कंपनीचा नसतो. जुना राऊटर, मध्ये तीन भिंती, पलीकडच्या वेबसाइटचा संथ सर्व्हर, ही कारणंही असतात. म्हणून मागणी 'स्पीड वाढवा' एवढीच नको. जो आहे तो खरा सांगा, ही मागणी हवी.

आणि हे करता येतं. ब्रिटनमध्ये आधी नियम होता, की किमान १० टक्के ग्राहकांना मिळत असेल तर तो 'पर्यंत'चा आकडा जाहिरातीत टाका. म्हणजे नव्वद जणांना न मिळणारा आकडाही चालायचा. मे २०१८ पासून नियम बदलला : रात्री ८ ते १० या गर्दीच्या वेळी निदान निम्म्या ग्राहकांना मिळणारा स्पीडच छापायचा. काय झालं? तांब्याच्या तारेवरचं जे ब्रॉडबँड '१७ पर्यंत' म्हणून विकलं जायचं, ते १० किंवा ११ म्हणून विकलं जाऊ लागलं. तार तीच, कंपनी तीच. आकडा तेवढा खरा झाला.

आपल्याकडेही हत्यार अगदीच नाही असं नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्रीय प्राधिकरण आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्यांदा १० लाखांपर्यंत, नंतर ५० लाखांपर्यंत दंड करता येतो (हाही 'पर्यंत'च!). जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्ट आहे, की खुलाशाची ओळ मुख्य दाव्याच्याच भाषेत हवी, ठळक दिसेल अशी हवी, आणि दिशाभूल करणारा दावा खुलाशाने झाकता येणार नाही. आता आपल्या चौकातला फलक पुन्हा आठवा. दावा मराठीत, तारांकित ओळ इंग्रजीत आणि मुंगीएवढी. हे चालतं का? फोटो काढा आणि विचारा.

करायचं काय, थोडक्यात :

१. स्पीड मोजताना केबल लावून मोजा, रात्री ८ ते १० च्या दरम्यान, निदान सात दिवस. चाचणीचा सर्व्हर कंपनीचाच नको, बाहेरचा निवडा. आपल्याच कंपनीच्या सर्व्हरवर मोजलं तर पुन्हा गल्लीतला रस्ताच मोजला जातो.

२. एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. डाउनलोडमध्ये मेगाबाइट दिसतात. १०० एमबीपीएसला सेकंदाला साडेबारा एमबी, हे धरून चला. नाहीतर उगाच भांडण होतं.

३. तक्रार फोनवर करा, पण तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. तिथे नाही सुटली तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे लेखी जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानंतर ग्राहक आयोग, ते दार आता उघडं आहे.

४. नवीन कनेक्शन घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : 'रात्री नऊला किमान किती मिळेल, ते लिहून द्याल का?' कमाल विचारूच नका, ती फलकावर आहेच.

२०१५ मध्ये दहा लाख ईमेल गेले तेव्हा नियम बदलला. तेव्हा प्रश्न वेबसाइटच्या भेदभावाचा होता. आपल्या रोजच्या बिलाचा प्रश्न आजवर तितक्या जोरात कुणी विचारलेलाच नाही. गॅसच्या सिलिंडरवर वजन लिहिलेलं असतं, पेट्रोल पंपावर मापाची तपासणी होते, दुधाच्या पिशवीवर 'अर्ध्या लिटरपर्यंत' असं छापलं तर आपण दुकान डोक्यावर घेऊ. इंटरनेटवर आज मुलांचे प्रवेश आहेत, शेतकऱ्याचा सातबारा आहे, घरून काम करणाऱ्याचा पगार आहे. त्याचं माप अजून 'पर्यंत'मध्येच अडकलंय.

आपल्या भागात रात्री नऊला प्रत्यक्षात किती मिळतं, प्लॅन कितीचा आहे, एवढे दोन आकडे खाली लिहा. नाव, नंबर, पत्ता काही नको, फक्त भाग आणि आकडे. पुरेसे जमले तर यादी करून हेल्पलाइनकडे आणि ट्रायकडे एकत्र पाठवू. एकट्याचा आकडा तक्रार ठरतो, शंभर जणांचे आकडे पुरावा होतात.